नानांची प्लेट

वेटरनं नानांची प्लेट उचलली आणि आईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या ती," आई म्हणाली.

"काकू, सरांचं जेवण झालंय ना?"

"झालंय. तरी राहू द्या."

तो चाळिशीचा, काळ्या जाकिटातला, अत्यंत सभ्य माणूस होता. छातीवरच्या बिल्ल्यावर 'रमाकांत' असं नाव होतं. त्यानं प्लेट सोडली नाही आणि आईनं त्याचं मनगट सोडलं नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण टेबल माझ्या नावावर होतं. शेजारच्या टेबलावरची माणसंही बघायला लागली. नाना मात्र काचेबाहेरच्या द्राक्षवेलींकडे बघत होते. जिथे बोलायला हवं तिथे बाहेर बघत बसायचं, ही त्यांची जुनी खोड.

माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. खरं सांगायचं तर मी नऊ वर्षांची असल्यापासून ते तापलेलं होतं.

ही २०११ सालची गोष्ट. फेब्रुवारीतला रविवार, दुपारची वेळ. आई-नानांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, म्हणून मी त्यांना निफाडहून नाशिकला बोलावून घेतलं होतं. मी तेव्हा एका वायनरीच्या लॅबमध्ये नोकरी करत होते, एकटीच राहत होते. गावाबाहेर धरणाच्या रस्त्याला नुकतीच एक ब्रासरी सुरू झाली होती, 'पर्पल पेअर' नावाची. ब्रासरी म्हणजे फ्रेंच लोकांची ऐसपैस आणि जरा ऐटीतली खाणावळ, एवढं मला आमच्या वाइन बनवणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं. तांब्याचे दिवे, संगमरवरी टेबलं, एका बाजूला उघडं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला नुसती काच आणि काचेपलीकडे द्राक्षमळा. पंधरा दिवस आधी टेबल सांगून ठेवावं लागायचं.

मी ते सांगून ठेवलं होतं, पण तांब्याच्या दिव्यांचं मला काही पडलं नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या आईनं आयुष्यात एकदा तरी नवऱ्याच्या बरोबरीनं बसून, स्वतःच्या प्लेटमधलं, गरम अन्न खावं.

कारण माझी आई रोज नानांच्या ताटात जेवायची. नाना जेवून उठले की त्याच पाटावर ती बसायची आणि त्याच ताटात उरलेलं खायची. सकाळी आणि संध्याकाळी, सणाला आणि आजारपणात. चौथीत असताना मी एका मैत्रिणीकडे जेवायला गेले आणि तिची आई स्वतःचं ताट वाढून घेऊन आमच्या पंगतीला बसली, तेव्हा मला कळलं की सगळ्यांच्या आया अशा जेवत नाहीत. घरी येऊन मी विचारलं, "आपल्याकडे ताटं कमी आहेत का?" आई हसली. "आहे ते बरंय," म्हणाली. त्या दिवसानंतर आई त्या ताटावर बसली की मी तणतणत उठायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. मला ते बघवायचंच नाही.

पुढे मी त्या ताटाचा चांगलाच वचपा काढला. मला बघायला मुलगा आला की पोह्यांची बशी त्याच्या हातात पडायच्या आधी मी विचारायचे, "तुमच्या घरी बायका कधी जेवतात? आणि कशात?" असे आठ जण परत गेले. नवव्यानं आधी कुणाकडून तरी चौकशी केली आणि तो आलाच नाही. गावात लोक म्हणायचे, हेडक्लार्कची पोरगी डोक्यावर पडलीय. मी म्हणायचे, माझ्या घरी जे ताट आहे ते बघून या आणि मग बोला.

हेडक्लार्क म्हणजे नाना. पाटबंधारे खात्यात होते. काटकुळा माणूस, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, आणि शर्टाच्या खिशात कायम फुटाणे. धुण्याच्या वेळी खिशातली सालं झटकून आईचा जीव मेटाकुटीला यायचा. घरात आयतं वाढलेलं ताट समोर येत असताना या माणसाला वर फुटाणे कशाला लागतात, याचाही मला राग यायचा. नाना कधी आवाज चढवायचे नाहीत, हात उगारणं तर दूरच. तसे असते तर बरं झालं असतं. हा शांतपणे जेवून, हात धुऊन, आपलं उष्टं बायकोपुढे ठेवून ऑफिसला जाणारा माणूस होता.

तर त्या दिवशी मी सगळा बंदोबस्त करून ठेवला होता. आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, "माझ्या आईची प्लेट सगळ्यांत आधी आणायची. आणि एकदम गरम." इथे प्रत्येकाची प्लेट आतूनच वाढून यायची. वाढायला काही नाही, उरायला काही नाही, पाट नाही. कशी जेवत नाही बघू, असा माझा हिशेब.

आई मोरपंखी रंगाचं लुगडं नेसून आली होती. खुर्चीवर अगदी टोकाला बसली, उठायची वेळ येईल अशा बेतानं. नानांनी मेन्यू कार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

"रिसोटो म्हणजे काय असतं?"

"इटलीचा भात असतो. चीज, मश्रूम घालून शिजवलेला."

"म्हणजे मऊभातच."

"हो नाना, मऊभात. आजारी माणसाचा नाही, एवढंच."

"मग मला तोच सांग," नाना म्हणाले.

आईसाठी मी लझानिया सांगितली, पास्त्याच्या थरांवर चीज घालून भाजलेली. भट्टीतून थेट येते, बुडबुडे येत असतात, म्हणून. आई म्हणाली, "एवढं कशाला? यांचं येईल ना." मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

रमाकांतनं शब्द पाळला. "काकू, सुरुवात तुमच्यापासून," असं म्हणून त्यानं प्लेट तिच्यापुढे ठेवली. वर चीज खदखदत होतं. आईनं पदर सावरला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"खा ना," मी म्हटलं.

"यांचंही येऊ दे की."

यांचंही आलं, माझंही आलं. "आता खा."

"तुम्ही करा सुरुवात. मी खाते."

"आई, गरम आहे."

"हो गं. खाते."

ती खात नव्हती. नाना खात होते. मी माझ्या प्लेटमधलं काय खाल्लं ते मला आज आठवत नाही, कारण मी फक्त आईच्या लझानियाकडे बघत होते. आधी बुडबुडे थांबले, मग वाफ थांबली. मग चीज दगडासारखं घट्ट झालं. इथे, या संगमरवरी टेबलावर, फ्रेंच लोकांच्या खाणावळीत, ही बाई नवऱ्याच्या उष्ट्याची वाट बघत बसली होती. 

नाना प्लेटच्या डावीकडून खात आले आणि बरोबर मध्यावर थांबले. उजवीकडचा भात वाढला तसाच होता. मश्रूमचे मोठे मोठे तुकडे त्यांनी काट्यानं त्या बाजूला सारले होते.

"आवडलं नाही?" मी विचारलं.

"छान आहे की."

"मग?"

"पोट भरलं."

मश्रूम आवडले नसतील, मला वाटलं. नानांनी काटा आणि चमचा प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवले, नीट, ऑफिसात टाक-दौत ठेवायचे तसे. रुमालानं तोंड पुसलं. आई जराशी पुढे सरकली. तेवढ्यात रमाकांत आला आणि त्यानं प्लेट उचलली.

"काटा-चमचा असा शेजारी ठेवला की आम्ही जेवण झालं असं समजतो, मॅडम," तो मला म्हणाला. आईचा हात अजून त्याच्या मनगटावर होता. "राहू द्यायचं असेल तर राहू देतो."

"आई, हात सोड त्यांचा."

"वैजू, थांब जरा..."

"सोड म्हणते ना! इथेसुद्धा? तुझी प्लेट समोर आहे, भरलेली आहे, तुझ्यासाठी बनवलेली आहे, आणि तू माणसाचा हात धरून उष्टं मागतेस? लाज नाही वाटत? मला वाटते!"

आईनं हात सोडला.

"मॅडम, मग ठेवू का?" रमाकांतनं विचारलं.

"घेऊन जा," मी म्हटलं. "आणि टाकून द्या."

तो प्लेट घेऊन गेला. स्वयंपाकघर उघडंच असल्यानं आम्हाला सगळं दिसत होतं. त्यानं प्लेट आतल्या माणसाकडे दिली आणि त्या माणसानं सुरीच्या एका फटक्यात ती कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. आई डब्याकडे बघत राहिली. मला, खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. सत्तावीस वर्षांनी कुणीतरी ते ताट तिच्या पुढून उचललं होतं.

"कळलं का, काय टाकलंस?" आई म्हणाली.

हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझी आई दूध उतू गेलं तरी 'अगंबाई' एवढंच म्हणणारी.

"उष्टं टाकलं."

"उष्टं? त्या अर्ध्या भागाला यांनी काटा तरी लावला होता का? बघितलंस?"

मी बघितलं होतं. नुकतंच, माझ्या डोळ्यांदेखत.

"तू कधी बसलीस माझ्या ताटाजवळ? मी पाटावर बसले की तू निघालीस ओट्यावर. त्या ताटात काय असतं ते तुला माहिती आहे का? माहिती नसतानाच गावभर सांगत फिरलीस."

"अगं, जाऊ दे," नाना म्हणाले.

"का जाऊ दे? छत्तीस वर्षं जाऊच दिलं." आई माझ्याकडे वळली. "तुझ्या आधी एक मूल गेलं माझं. सातव्या महिन्यात."

मला हे माहीत नव्हतं. मी एकुलती एक, एवढंच मला माहीत होतं.

"घरात दाण्याला कमी नव्हतं. तुझी आजी वाढायची. आधी पुरुष, मग ती आणि तुझ्या आत्या. मला म्हणायची, तुला कशाला वेगळं ताट? नवऱ्याच्या ताटात जे राहील ते बायकोचं, आमच्यात अशीच रीत आहे. आता चोवीस-पंचवीस वर्षांचा भुकेला माणूस, त्याच्या ताटात काय राहणार? आमटीचा ओघळ आणि भाकरीचा काठ. कोणाला दिसतच नव्हतं, यांनाही नाही. मूल गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाईच्या अंगात रक्तच नाही. मग तू राहिलीस पोटात. त्या दिवसापासून हे अर्ध्यावर उठायला लागले."

नाना टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"जास्तीचं मागायची सोय नव्हती. आईच्या नजरेत आलं असतं. म्हणून वाढलंय त्यातलं अर्धं खायचे, चांगलं चांगलं एका बाजूला सारायचे आणि 'पोट भरलं' म्हणून उठायचे. ताटात राहिलेलं बायकोचं, हा सासूबाईंचाच नियम. त्यामुळे त्यांना त्याला हात लावता येईना. नुसत्या बघत राहायच्या. आणि हे ऑफिसात जाऊन फुटाणे खायचे." आई थांबली नाही. "तू त्या ताटातून झालीस, वैजू. आणि आज 'टाकून द्या' म्हणालीस."

एखादी शहाणी मुलगी इथे रडली असती. मला रडू आलं नाही. मला संताप आला.

"आणि तुम्ही?" मी नानांना म्हटलं. "तुमच्या आईला सांगायला तुम्हाला तोंड नव्हतं? बायकोला जेवायला वाढ, चार शब्दांचं काम. त्याच्याऐवजी स्वतः उपाशी उठायचं?"

"नव्हतं," नाना म्हणाले.

"काय?"

"तोंड नव्हतं मला."

मी तेवढ्यावर सोडलं नाही. "आजी एकोणनव्वदला गेली, नाना. त्याला बावीस वर्षं झाली. मग एक ताट जास्त मांडायला काय झालं होतं?"

"मांडलं होतं मी. तेरावं झालं त्या संध्याकाळी. माझ्या हातानं दोन ताटं मांडली." त्यांनी आईकडे हनुवटी केली. "ही नको म्हणाली."

"का?" मी आईला विचारलं.

"मला चालत होतं."

"मला चालत नव्हतं!" मी इतक्या जोरात ओरडले की उघड्या स्वयंपाकघरातल्या टोप्या एकदम वर झाल्या. "एकानं तरी सांगायचं होतं मला! आठ स्थळं घालवली मी त्या ताटापायी..."

"ती ताटापायी नाही गेली," आई म्हणाली. "तोंडापायी गेली."

नानांना हसू आलं. त्यांनी ते रुमालात दडवलं, पण मला दिसलं, आणि त्याचाही मला राग आला.

रमाकांत हळूच टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे, बहुतेक सगळंच. "मॅडम, सरांचा रिसोटो नवीन करून आणू का? आमच्याकडून."

"नको," नानाच म्हणाले. मग त्यांनी हात लांब करून आईपुढची लझानियाची प्लेट स्वतःकडे ओढली. ती पार गार झालेली होती. त्यांनी काट्यानं मधोमध एक रेघ ओढली, मान खाली घालून आपल्या बाजूचं सावकाश खाल्लं, सगळं. त्यांना भूक होती. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, माझ्या बापाला भूक होती. मग प्लेट फिरवून त्यांनी ती आईपुढे सरकवली. काटा-चमचा या वेळी प्लेटमध्ये ठेवला नाही, टेबलावर ठेवला. रमाकांतनं ते बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

आई जेवायला लागली. सवयीप्रमाणे मी खुर्ची मागे सरकवली होती, बाहेर जायला. पण गेले नाही. तिचं संपेपर्यंत बसून बघत राहिले. तिनं एक कणही ठेवला नाही.

मी त्यांना गाडीनं निफाडला सोडायला निघाले. निफाडच्या फाट्यावर नानांनी खिशातून फुटाणे काढले आणि माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत.

नाना जाऊन आता चार वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. माझा राग गेलेला नाही, आणि गेला असं मी कुणाला सांगतही नाही. भाकरीचा काठ सुनेपुढे टाकणाऱ्या आजीवर तो आहे, तोंड नसलेल्या नानांवर आहे, मांडलेलं ताट नाकारणाऱ्या आईवर आहे. आणि 'टाकून द्या' म्हणणाऱ्या माझ्यावर तो रोज जेवणाच्या वेळी असतो.

आता आईचं ताट वेगळं आहे. मी तिला आधी वाढते, सगळं गरम. ती टेबलाशी बसते, डावीकडून खात येते आणि मध्यावर थांबते. भाजीतले बटाट्याचे मोठे तुकडे, पोळीची मऊ बाजू, लिंबाची फोड, सगळं पलीकडे सारलेलं असतं.

"संपव ना ते," मी ओरडते. "कुणासाठी ठेवतेस? कोण आहे आता?"

"पोट भरलं," ती म्हणते.

पहिले काही दिवस मी ते उचलून डब्यात टाकायला निघायचे. डब्याचं झाकण उघडेपर्यंत जायचे आणि तिथेच उभी राहायचे. आता मी माझं ताट घेतच नाही. तिच्या समोरचं ओढून घेते आणि बसते.

"गार झालं असेल गं," ती म्हणते.

"असू दे," मी म्हणते आणि जेवते.